राखीव क्वार्टरबॅक ते सुपर बोल जिंकणारा कोच: डग पीडरसन

मेघना_फिली

मुलगा यंदा नववीत गेला आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात निवडला गेला. घरात आनंदीआनंद. पण निवड झाली ती दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक म्हणून. सहा सामने झाले, त्यात सगळी मिळून चार-पाच मिनिटं मैदानावर गेला असेल. गेल्या शुक्रवारी परत येताना गाडीत अवाक्षर बोलला नाही. घराजवळच्या सिग्नलला हळूच म्हणाला, "आई, मी नुसता उभा असतो गं."

त्या रात्री त्याला डग पीडरसनची गोष्ट सांगितली. आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात चौदा वर्षं राहतोय, त्यामुळे ही गोष्ट आमच्या अंगणातलीच. मराठीत लिहून काढावीशी वाटली, म्हणून हा धागा.

पीडरसन १९६८ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमचा. कॉलेज लुइझियानात, तेही फुटबॉलसाठी फारसं कुणी न ओळखणारं. १९९१ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मायामी डॉल्फिन्सने त्याला असाच उचलला आणि पुढे कितीदा तरी सोडला, परत घेतला. मधल्या काळात तो एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, वसंत ऋतूत भरणाऱ्या वर्ल्ड लीगमध्येही खेळून आला.

१९९३ चा १४ नोव्हेंबर. मायामीचा सामना फिलाडेल्फियात, जुन्या व्हेटरन्स स्टेडियमवर. मायामीचा हुकमी क्वार्टरबॅक डॅन मरिनो आधीच जायबंदी. त्याच्या जागी आलेला स्कॉट मिचेल त्याच सामन्यात खांदा दुखावून बाहेर गेला. उरला तिसरा, म्हणजे पीडरसन. मायामीने सामना १९-१४ असा जिंकला आणि त्यांचे कोच डॉन शुला यांचा तो ३२५ वा विजय ठरला. जॉर्ज हॅलस यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम त्या दिवशी मोडला. शुलांना खांद्यावर घेतलेला फोटो सगळीकडे दिसतो. शेवटी मैदानावर क्वार्टरबॅक कोण होता, हे मात्र विचारावं लागतं.

पुढे तो ग्रीन बे पॅकर्सकडे ब्रेट फार्वचा राखीव म्हणून गेला. फार्व एकही सामना न चुकवणारा गडी, त्यामुळे पीडरसनला खेळायला मिळायची शक्यता जवळजवळ शून्य. १९९७ च्या जानेवारीत पॅकर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि विजेत्यांची अंगठी याच्याही बोटात आली. १९९९ मध्ये अँडी रीड आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मुख्य कोच झाले आणि ग्रीन बेमधून ओळखीचा म्हणून पीडरसनला घेऊन आले. काम काय? तर ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला डॉनव्हन मॅक्नॅब तयार होईपर्यंत गाडी हाकायची. नऊ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला, त्यात दोन जिंकले. फिलीच्या प्रेक्षकांनी त्याची घरच्या मैदानावर हुर्यो उडवली. मॅक्नॅब पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो दिवस १९९९ चा १४ नोव्हेंबर. तेच स्टेडियम, सहा वर्षांपूर्वीचीच तारीख.

मग क्लीव्हलंडला एक वर्ष, परत ग्रीन बेला चार वर्षं, आणि २००५ मध्ये निवृत्ती. पुढचं पान माझं सगळ्यात आवडतं. एनएफएलमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस थेट श्रीव्हपोर्टला, कॅल्व्हरी बाप्टिस्ट अकॅडमी नावाच्या शाळेत पोरांना शिकवायला गेला. एक-दोन महिने नाही, चार सीझन. चारही वर्षं शाळेला राज्याच्या प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, नेलं.

पुढचं लिहिते, स्वयंपाक आटपून येते.

---

कऱ्हाडकर

छान लिहिताय ताई, वाचतोय. एक प्राथमिक शंका. क्वार्टरबॅक म्हणजे नेमकं काय करतो? आमच्याकडे टीव्हीवर ते हेल्मेटवाले एकमेकांवर आदळताना दिसतात आणि दर पाच सेकंदांनी खेळ थांबतो, एवढंच कळतं.

---

मेघना_फिली

कऱ्हाडकर, शंका योग्यच आहे. मलाही पहिली दोन वर्षं काही कळत नव्हतं.

आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. त्यांना डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार. प्रत्येक संधीआधी खेळ थांबतो आणि त्या वेळात पुढची चाल ठरते. कोच ती चाल हेडसेटमधून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगतो. घड्याळावर पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद पडतो. तिथून पुढे तो एकटा. दहा जणांना गोल करून चाल सांगायची, रांग लावायची, समोरचा बचाव कसा उभा आहे ते बघायचं आणि वाटलं तर तिथल्या तिथे चाल बदलायची. मग बॉल हातात येतो आणि तो कुणाला द्यायचा किंवा फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना.

राखीव क्वार्टरबॅकला हे सगळं तितकंच पाठ असावं लागतं, पण करायला मिळत नाही. आठवडाभर सरावात तो समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, म्हणजे आपल्या बचावाला तयारी करता येते. सामन्यात साइडलाइनवर उभं राहून प्रत्येक चाल टिपायची आणि पहिला गडी बाहेर आला की त्याला दिसलं नाही ते सांगायचं. पीडरसनने हे दहाएक वर्षं केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याचं कोचिंगचं शिक्षण तेव्हाच सुरू झालं होतं, फक्त तेव्हा त्याला कुणी कोच म्हणत नव्हतं.

---

नेटप्रॅक्टिस

मी सांगलीत मुलांना क्रिकेट शिकवतो. तुमचं वाचताना अमोल मुझुमदार डोळ्यांपुढे आला. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन आणि विनोदची ६६४ ची भागीदारी चालू होती तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. रणजीत धावांचा डोंगर रचला, भारताची टोपी कधी मिळाली नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा कोच तोच. मी त्या रात्री रडलो होतो. थांबून राहिलेल्या माणसाला खेळ वेगळा दिसतो, हे मी माझ्या नेटमध्येही पाहिलंय.

---

मेघना_फिली

नेटप्रॅक्टिस सर, हे वाचून अंगावर काटा आला. मुलाला आजच सांगते.

पुढचा भाग. २००९ मध्ये अँडी रीडनी पीडरसनला ईगल्समध्ये बोलावून घेतलं, अगदी खालच्या पायरीवर. सामन्यांच्या चित्रफिती कापायच्या, तक्ते करायचे. दोन वर्षांनी तो क्वार्टरबॅकचा कोच झाला. २०१२ मध्ये त्याच्या हाताखाली एक नवा पोरगा आला, निक फोल्स. हे नाव लक्षात ठेवा. २०१३ मध्ये रीड कॅन्सस सिटीला गेले, सोबत पीडरसन, आता आक्रमणाचा समन्वयक म्हणून. २०१६ मध्ये ईगल्सने त्याला मुख्य कोच नेमलं. इथे उत्साह बेताचाच होता. पहिलं वर्ष सात विजय, नऊ पराभव. २०१७ चा सीझन सुरू होताना तर एका माजी जनरल मॅनेजरने जाहीरपणे लिहिलं की तीस वर्षांत इतका अपात्र मुख्य कोच आपण पाहिला नाही.

त्या वर्षी ईगल्स तेरा सामने जिंकले. पण १० डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या शर्यतीत होता. आमच्या गल्लीत त्या रात्री सुतक होतं, शेजारच्या आजोबांनी दारावरचा झेंडा उतरवून ठेवला. आत आला राखीव निक फोल्स. हा फोल्स २०१६ मध्ये खेळ सोडायच्या बेतात होता, रीडनी समजूत घालून त्याला कॅन्ससला नेलं होतं. नाताळच्या सामन्यात तो इतका वाईट खेळला की सगळ्यांनी आशा सोडली.

आता पीडरसनने काय केलं ते बघा. त्याने फोल्सला वेंट्झसारखं खेळ असं सांगितलं नाही. फोल्सच्या २०१३ च्या, म्हणजे सत्तावीस टचडाउन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचवणं) आणि फक्त दोन इंटरसेप्शनच्या (आपला पास समोरच्याने पकडणं) सीझनच्या चित्रफिती काढल्या आणि त्याला तेव्हा काय जमत होतं, काय आवडत होतं ते शोधलं. पळणाऱ्याच्या हातात बॉल द्यायचा की काढून घेऊन फेकायचा, हे बचावाचा एक माणूस बघून ठरवायचं, अशा चाली वाढवल्या. संघ फोल्सच्या मापाने बेतला. या कामात त्याच्या बरोबर होता आक्रमणाचा समन्वयक फ्रँक रीश. तोही जन्माचा राखीव क्वार्टरबॅक!

प्लेऑफमध्ये अटलांटाला १५-१०, मिनेसोटाला ३८-७ असं हरवलं. मिनेसोटाच्या सामन्याआधी लोकांनी खांबांवर चढू नये म्हणून पोलिसांनी शहरातल्या खांबांना स्वयंपाकाचं वनस्पती तूप चोपडलं होतं. लोक तरी चढले.

---

जुईली

ताई, फ्रँक रीशबद्दल जरा सविस्तर लिहा ना. मी बफेलोला शिकायला होते, तिथे त्याचं नाव आदराने घेतात.

---

मेघना_फिली

जुईली, तो बफेलोत जिम केलीचा राखीव. ३ जानेवारी १९९३ ला प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध केली जायबंदी म्हणून रीश खेळला. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच त्याचा एक पास प्रतिस्पर्ध्याने पळवून टचडाउन केला आणि धावफलक झाला ३५-३. तिथून बफेलोने जादा वेळेत ४१-३८ असा सामना जिंकला. रीशने दुसऱ्या अर्धात चार टचडाउन पास टाकले, त्यातले तीन आंद्रे रीडला. कॉलेजात, मेरीलँडकडून, त्याने १९८४ मध्ये मायामीविरुद्ध ०-३१ वरून ४२-४० केलं होतं, तेही बाकावरून उठून येऊन.

आता जरा विचार करा. मिनियापोलिसला ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलला ईगल्सकडून मुख्य कोच राखीव क्वार्टरबॅक, समन्वयक राखीव क्वार्टरबॅक, मैदानावरचा राखीव क्वार्टरबॅक. समोर न्यू इंग्लंडचा नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी.

---

बल्लाळ_जर्सी

मेघनाताई, लेखन उत्तम, पण एक बाजू राहतेय. मी न्यूयॉर्क जायंट्सचा चाहता. ३ जानेवारी २०२१ ची रात्र विसरू शकत नाही. ईगल्स वॉशिंग्टनला हरवते तर आम्ही प्लेऑफमध्ये होतो. १७-१४ अशी अटीतटीची अवस्था, आणि तुमच्या पीडरसनने चौथ्या सत्रात जेलन हर्ट्सला बाहेर काढून तिसऱ्या नंबरचा नेट सडफील्ड आत पाठवला. २०-१४ ने हरले. मी मुलांना शेजारी बसवून तो सामना बघत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, हे मुद्दाम हरतायत का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. राखीव खेळाडूचा एवढा कळवळा असेल तर त्या सडफील्डला अशा वेळी पुढे करणं हा त्याच्यावरही अन्याय नाही का?

---

मेघना_फिली

बल्लाळ, तुमचा राग रास्त आहे. त्या रात्री मलाही लाज वाटली होती. सडफील्डला खेळायला मिळावं, तो चार वर्षं इथे आहे, असं कारण पीडरसनने दिलं. मला वाटतं तो मनापासून बोलत असेलही, पण दुसऱ्या संघाचं वर्ष टांगणीला लागलेलं असताना ती वेळ नव्हती. आठ दिवसांनी त्याची नोकरी गेली. त्या सीझनला चार विजय, अकरा पराभव, एक बरोबरी. वेंट्झचं आणि त्याचं जमेनासं झालं होतं. वेंट्झला मोठा करार दिल्यावर पुढच्याच वर्षी दुसऱ्या फेरीत हर्ट्सला घेतलं, तेव्हापासून ते घर फुटत गेलं. राखीव माणसाला समजून घेणं त्याला जन्मभर जमलं, पहिल्या नंबरच्या मनात आपली जागा जाणार ही भीती शिरली की काय करायचं, ते जमलं नाही, असं मला वाटतं.

---

ऐलतीर

यावरून एक प्रश्न. मग बार्ट स्टारसारखे मोठे क्वार्टरबॅक कोच म्हणून का चालले नाहीत? पॅकर्सना पहिले दोन सुपर बोल जिंकून देणारा माणूस, कोच म्हणून नऊ वर्षांत ५२ विजय आणि ७६ पराभव.

---

नेटप्रॅक्टिस

ऐलतीर, फुटबॉलचं मला कळत नाही, पण शिकवण्याचं सांगतो. ज्याच्या हातून आपोआप होतं त्याला ते शब्दांत मांडावं लागत नाही. ज्याला एक-एक गोष्ट उकलून शिकावी लागली, त्याच्याजवळ ती सुटी सुटी असते, हवी तेव्हा दुसऱ्याला देता येते.

---

मेघना_फिली

सर, अगदी हेच. आणखी उदाहरणं आहेत. गॅरी कुबियाक डेन्व्हरला नऊ वर्षं जॉन एल्वेचा राखीव होता. एल्वे पुढे संघाचा कारभारी झाला, त्याने कुबियाकला कोच नेमलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत डेन्व्हर सुपर बोल जिंकलं. टॉम फ्लोरेस कॅन्सस सिटीत राखीव म्हणून सुपर बोल जिंकला, मग रेडर्सचा कोच म्हणून दोनदा. पण हा काही नियम नाही. रीश स्वतः मुख्य कोच म्हणून कोल्ट्समध्ये बरा चालला आणि २०२३ मध्ये कॅरोलायनाने त्याला अकरा सामन्यांनंतर काढलं, त्यात एकच विजय होता.

आता त्या रात्रीवर येते, कारण त्यासाठीच हा खटाटोप. सगळे फिली स्पेशल नावाच्या चालीबद्दल बोलतात. पहिला अर्ध संपायला ३८ सेकंद, ईगल्स १५-१२ ने पुढे, चौथा डाउन, एंड झोन एक यार्डावर. किक मारून तीन गुण घ्यावेत असा शहाणा सल्ला. फोल्स साइडलाइनला येतो आणि विचारतो, फिली फिली? पीडरसन क्षणभर थांबतो आणि हो म्हणतो. बॉल थेट कोरी क्लेमेंटकडे, त्याने ट्रे बर्टनकडे टाकला. हा बर्टन मुळात क्वार्टरबॅक म्हणूनच कॉलेजात आलेला. त्याने फेकला तो एंड झोनमध्ये एकट्या उभ्या असलेल्या फोल्सकडे. २२-१२. चाल शोधून वहीत ठेवणारा सहायक प्रेस टेलर, तोही कॉलेजचा क्वार्टरबॅक. आज स्टेडियमबाहेर त्या संवादाचा पुतळा आहे, दोघं समोरासमोर.

पण माझ्या मते सामना जिंकला तो दुसऱ्या चौथ्या डाउनवर. शेवटच्या सत्रात ५:३९ उरलेली. ब्रॅडीने न्यू इंग्लंडला ३३-३२ असं पुढे नेलेलं. ईगल्स स्वतःच्या ४५ यार्डावर, एक यार्ड हवं. फसलं तर ब्रॅडीच्या हातात अर्धं मैदान आणि सामना खलास. जवळजवळ कुठलाही कोच तिथे बॉल लांब लाथाडून देतो. पीडरसनने फोल्सवर टाकलं. फोल्सचा पास झॅक अर्ट्झला, दोन यार्ड. तीच मोहीम पुढे सरकत २:२१ उरलेली असताना अर्ट्झच्या टचडाउनने संपली. मग ब्रँडन ग्रॅहमने ब्रॅडीच्या हातातून बॉल उडवला. ४१-३३. १९६० नंतर पहिलं विजेतेपद. सामन्याचा मानकरी फोल्स, ३७३ यार्ड.

शेजारच्या आजोबांनी झेंडा परत लावला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. माझा मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा, झोपेतून उठवून खिडकीशी आणला होता. त्याला त्यातलं काही आठवत नाही म्हणतो.

---

ऐलतीर

जॅक्सनव्हिलचं विसरू नका, ईगल्सनंतर पीडरसन तिथे मुख्य कोच होता. १४ जानेवारी २०२३. मी स्टेडियममध्ये होतो. आमचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सने पहिल्या अर्धात चार इंटरसेप्शन दिली, ०-२७. आमच्या रांगेतली माणसं पार्किंगकडे निघाली. पीडरसनने त्याला बाहेर काढलं नाही की त्याच्यावर ओरडला नाही. ३१-३० ने जिंकलो, शेवटच्या सेकंदाला ३६ यार्डांची किक. पुढे दोन वर्षांत सगळं घसरलं, २०२४ मध्ये तेरा पराभव, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला काढलं. पण ती रात्र कुणी परत घेऊ शकत नाही.

---

मेघना_फिली

ऐलतीर, तुम्ही तिथे होतात! आणखी एक सांगते. २०१४ च्या जानेवारीत कॅन्सस सिटी ३८-१० वरून इंडियानापोलिसकडे ४५-४४ ने हरली. हरणाऱ्या बाजूचा समन्वयक पीडरसनच होता. अठ्ठावीस गुणांची आघाडी कशी वितळते हे त्याने जवळून बघितलं होतं. नऊ वर्षांनी त्याच्याच संघाने सत्तावीस गुण भरून काढले.

---

कऱ्हाडकर

ताई, काल रात्री तो सुपर बोल यूट्यूबवर बघितला. तुम्ही सांगितलेला ५:३९ चा डाउन थांबवून तीनदा बघितला. पास टाकून झाल्यावर कॅमेरा पीडरसनवर जातो का बघत होतो, नीट दिसलं नाही. मुलाचं काय झालं पुढे?

---

मेघना_फिली

कऱ्हाडकर, अजून बाकावरच आहे. पण मंगळवारी त्याच्या कोचने त्याला होल्डरचं काम दिलं. किक मारताना बॉल धरून उभा करायचा. हे काम बहुतेक वेळा राखीव क्वार्टरबॅक नाहीतर पंटर, म्हणजे बॉल लांब लाथाडणारा, करतो. पीडरसन ग्रीन बेत करायचा, आणि १९९१ च्या सुपर बोलला बफेलोची ४७ यार्डांची ती चुकलेली किक रीशने धरली होती. मागून आलेला बॉल झेलायचा, टोक जमिनीवर टेकवायचं आणि शिवण खांबांच्या दिशेला फिरवायची. म्हणजे किक मारणाऱ्याचा पाय शिवणीवर पडत नाही. सगळं मिळून सव्वा सेकंद.

रोज जेवण झालं की अंगणातला दिवा लावून त्याचा बाबा त्याला बॉल टाकतो. मी भांडी घासताना खिडकीतून बघते. काल शिवण उलटी राहिली की तो स्वतःच मोठ्याने "परत" म्हणत होता. थंडी पडली तरी आत येईना.